गादी अलीकडे, उशी पलीकडे

खोली भाड्याने देण्याआधी भाडेकरूला झोपवून बघणारा घरमालक मी आयुष्यात एकच पाहिला.

माझी बदली साताऱ्याहून सांगलीजवळच्या एका शाळेत झाली, तेव्हाची गोष्ट. वस्तीचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथली माणसं फोन करून "बाई, आमचं काय काय लिवलंय?" असं विचारतील आणि न लिहिलेलंही माझ्याकडून वदवून घेतील. वस्ती रेल्वेची. म्हणजे आधी रूळ आले, मग स्टेशन आलं, मग स्टेशनात उतरलेली काही माणसं परतीची गाडी चुकवून तिथंच राहिली आणि त्यांच्या नातवंडांनी त्या जागेला गाव म्हणायला सुरुवात केली. रुळांच्या अलीकडे बाजार, मशीद आणि दवाखाना. पलीकडे रेल्वेची क्वार्टर्स, मारुतीचं देऊळ आणि माझी शाळा. मधे फाटक, त्याला सगळे गेट म्हणत. मुलगी कुठे दिली असं एखादीला विचारलं तर ती "गेटाच्या पलीकडं" असं सांगायची, आणि सूर असा की पोरगी दुबईला धाडली असावी.

गेटाला अगदी खेटून मालकांचं गाद्यांचं दुकान होतं. खाली दुकान, मागे त्यांचं घर, वर भाड्याची खोली. मी बॅगा घेऊन जिन्यात उभी राहिले तर मालक म्हणाले, "सामान टेकू नका आजून. आदी झोपून दावा."

मी दोन पायऱ्या मागे सरकले. तेवढ्यात आतून त्यांच्या बायको आल्या. त्यांना सगळा गाव चाची म्हणायचा. "घाबरू नगा बाई," त्या म्हणाल्या. "मी बसते तुमच्यापाशी. त्ये खालीच थांबत्यात. मालगाडी जाताना झोप लागली तर खोली तुमची, न्हाईतर दुसरी बघा. तसं सगळ्यांनाच करत्यात."

भर दुपार होती. मी गादीवर आडवी झाले आणि मनात म्हटलं, बरा तमाशा आहे. पण शाळेच्या स्टाफरूममध्ये शेजारी जनगणनेवरून भांडण चाललेलं असताना डुलकी काढायची मला अनेक वर्षांची सवय. मालगाडी आली, गेली, खिडकीची काचही थरथरली असेल. मला जाग आली ती चाचींच्या हाकेने. त्या जिन्यातून खाली ओरडून सांगत होत्या, "घोरत्यात जी!" आणि खालून मालकांचा आवाज आला, "पास!" मी डी.एड. झाले, बी.ए. झाले, खात्याच्या परीक्षा दिल्या. पण घोरून पास झाल्याचा आनंद काही वेगळाच होता.

मालक दिसायला उंच, वाळके, पांढरीशुभ्र दाढी, डोक्याला कायम कापसाचे तंतू चिकटलेले. दुकानाच्या ओट्यावर चार-पाच गाद्यांची चवड, त्या चवडीवर मालक. खाली उतरायला त्यांना स्टूल लागायचं. स्वतः मात्र ते रात्री जमिनीवर झोपत. "हलवाई कवा पेढं खातोय का?" असं विचारत. स्पंजच्या गाद्यांचा त्यांना मनस्वी संताप होता. स्पंजवर झोपलेला माणूस उठला तरी झोपेतच असतो, हे त्यांचं मत, आणि पुरावा म्हणून ते सकाळच्या बसला लोंबकळणारी तरुण पोरं दाखवायचे.

पण गाद्या हा त्यांचा जोडधंदा. मुख्य उद्योग न्यायदान.

गेट पडलं की दोन्ही बाजूंना माणसं तुंबायची. उसाच्या ट्रॉल्या, शाळेच्या रिक्षा, मोटरसायकली, बाजारच्या पिशव्या. ट्रॉलीतले ऊस ओढायला पोरं धावत आणि ट्रॅक्टरवाला आरशातून बघून शिव्या देई. एरवी जी माणसं एकमेकांना टाळून दुसऱ्या गल्लीने जात, ती इथे हमखास शेजारी शेजारी उभी राहायची, कारण तिसरी गल्लीच नव्हती. मग धुसफूस सुरू व्हायची. अशा वेळी मालक गाद्यांच्या चवडीवरून हाक मारत, "काय रं, कशापायी?" आणि खटला उभा राहायचा. नियम एकच. गेट उघडायच्या आत निकाल. नाही लागला तर पुढच्या गाडीला. "कोर्टात पुढली तारीख मिळती, हितं पुढली गाडी," ते म्हणायचे. गाडी लेट असली की निकाल जास्त सखोल लागायचे.

आणि कायदाही एकच होता. थोरल्यानं आधी बोलायचं. चूक कोणाची, बांध कोणी कोरला, नळाला आधी कोण होतं, याच्याशी मालकांना कर्तव्य नव्हतं. ते फक्त विचारत, "तुमच्यात थोरलं कोण?" जो थोरला निघेल त्याने दुसऱ्याशी आधी दोन गोड शब्द बोलायचे. "थोरल्याचं तोंड मोठं," ते म्हणत, "त्येनंच आदी उघडायचं. धाकट्याला लाज आसती."

या कायद्याचे परिणाम तुम्ही कल्पनाही करणार नाही असे झाले. वस्तीतल्या सासवा गेट टाळू लागल्या. गुडघे दुखत असले तरी स्टेशनच्या पादचारी पुलाचा दादरा चढून जायच्या, पण सुनेबरोबर गेटावर सापडायच्या नाहीत. एकदा आटपाडीकडचे एक धनगरबाबा मेंढरांचा कळप घेऊन गेटावर थांबले होते. शेजारी कोऱ्या करकरीत मोटारीत एक प्लॉटवाले साहेब. मेंढरांनी मोटारीला अंग घासलं. साहेब उतरले आणि जे बोलले ते मी शिक्षिका असल्यामुळे इथे लिहू शकत नाही. मालकांनी वरून विचारलं, "थोरलं कोण?" बाबा सत्तरीच्या पुढचे. त्यांच्यावर बोलायची वेळ आली. त्यांनी मोटारीभोवती शांतपणे एक फेरी मारली, बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाले, "लय झ्याक जनावर हाय गड्या. दूध किती देतंय?" साहेबांना हसू फुटलं आणि तेवढ्यात गेट उघडलं. मेंढरं पार व्हायला इतका वेळ लागला की गेट पुन्हा पडायची वेळ आली, पण त्याबद्दल कोणी खटला भरला नाही.

वस्तीचा इतिहासही मालकांच्याच ताब्यात होता. स्टेशन इथेच का झालं, तर रुळांची जागा बघायला आलेल्या गोऱ्या साहेबाची घोडी इथे बसली आणि उठेना. म्हणून साहेब म्हणाला, हितंच करा. मी एकदा म्हटलं, "मालक, साहेब रेल्वेचा होता, मग घोडीवरून कशाला आला?" ते माझ्याकडे कीव करून बघत म्हणाले, "बाई, तवा रेल्वे कुटं व्हती? ती व्हायला पायजे म्हणून तर आला न्हवं त्यो." श्रोते बदलले की घोडीचा रंग बदलायचा. द्राक्षवाले व्यापारी आले तर तिने आधी द्राक्षं खाल्लेली असायची.

या माणसाची एक गोष्ट मात्र मला पहिल्या महिन्यातच खटकली. ते उशी करत नसत. गादी म्हणाल तशी, कापूस स्वतः पिंजून, टाके असे की बोट फिरवत राहावं. पण उशी मागितली की तोंड फिरवून म्हणायचे, "पलीकडं मिळती."

पलीकडे, गेटाच्या बरोबर समोर, एक उशांचं दुकान होतं. तिथे गादी मिळत नसे. वस्तीतल्या प्रत्येक अंथरुणाला गेट ओलांडावं लागायचं. गावाचं अंग अलीकडचं आणि डोकं पलीकडचं, अशी सगळी व्यवस्था. उशीवाल्यांची दाढी मेंदीने लाल केलेली, पोट गोल, हसणं मोठं. मी उशी घ्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "कुणाच्या खोलीत ऱ्हाता बाई?"

"गादीवाल्या मालकांच्या."

त्यांचा सुईचा हात थांबला. "झोप लागती न्हवं?"

"लागते की. परीक्षा घेऊनच खोली दिलीय."

"तुमची न्हाई इचारत. त्येला लागती का?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उगंच भुईवर झोपतोय. थंडीचं खाली घोंगडं तरी टाकत जावा म्हणून चाचीला सांगा. मी सांगितलं म्हणू नगा."

चाचींना मी ते सांगितलं, तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. त्या इतक्या हसल्या की लाटणं बाजूला ठेवावं लागलं. चाचींचं माहेर नागपंचमीच्या शिराळ्याचं, त्यामुळे फणा काढून बसलेल्या माणसाशी कसं वागायचं हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. "त्ये मोठं दीर हायत माझं," त्या म्हणाल्या. "ह्यांचा सख्खा भाऊ. ह्यांच्या लग्नापास्नं बोलणं न्हाई दोघांचं."

मग त्यांनी लग्नाची गोष्ट सांगितली. निकाह सकाळी अलीकडच्या मशिदीत झाला. जेवण पलीकडच्या मैदानात. थोरला भाऊ पाहुण्यांना आणि आचाऱ्यांना घेऊन पुढे गेला. बायकाही पुढे गेल्या, नवरीसकट. मागून नवरदेव घोड्यावर, बँड लावून. बँडवाल्यांनी गेटाशी येऊन नाचायला जागा धरली आणि गेट पडलं. मालगाडी आली आणि मधेच उभी राहिली. हलेना. तिचं इंजिन बदलत होते म्हणे. पलीकडे साताऱ्याकडच्या पाहुण्यांना पॅसेंजर गाठायची होती. ती गेली की दुसरी गाडी दुसऱ्या दिवशी. पाहुणे चुळबुळ करू लागले, तेव्हा थोरला म्हणाला, "वाढा." पंगती बसल्या, उठल्या, पाहुणे पॅसेंजरला पळाले. मालगाडी हलली आणि नवरदेव घोड्यावरून मांडवात पोहोचला, तेव्हा आचारी डेग खरवडत होता. स्वतःच्या लग्नात नवरदेवाला बिर्याणी मिळाली नाही. आणि थोरल्या भावाने सगळ्या मांडवादेखत मोठ्याने म्हटलं, "उतर लवकर घोड्यावरनं, भांडी घासायला हात कमी पडाय लागल्यात!"

"सगळी हसली," चाची म्हणाल्या. "मी बी हसले. तीच चूक झाली."

"आणि तुम्ही? तुम्हीही उपाशीच?"

"छा! जावेनं मला कवाच ताट आणून दिलं व्हतं, पदराआड. मी पोटभर जेवले. भांडण त्या दोघांचं हाय बाई. आमी दोघी रोज फोनवर बोलतोय."

मी मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडकले होते. पांढऱ्या दाढीमुळे मी मालकांनाच थोरले धरून चालले होते. ते धाकटे निघाले. म्हणजे ज्या कायद्यापायी वस्तीतल्या सासवा दादरा चढत होत्या, धनगरबाबांना मोटारीचं कौतुक करावं लागलं होतं, तो सगळा कायदा एका माणसासाठी होता. अख्ख्या गावाला मालकांनी जो निकाल दिला, तो गेटाच्या पलीकडे ऐकू जावा म्हणून दिला होता. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. त्या दिवसापासून मी गेट पडलं की खिडकीशी उभी राहायला लागले.

तेव्हा दिसलं ते असं. गेट पडलं की मालक, समोर गिऱ्हाईक असो की जेवणाचं ताट, ओट्यावर येत. पलीकडे उशीवाले दुकानाबाहेर येत. दोघेही उभे राहून एकमेकांकडे बघायचे. हातवारे नाहीत, मान डोलावणं नाही. मालक पलीकडच्या पोटाचा अंदाज घेत, उशीवाले अलीकडच्या वाळकेपणाचा. मधून गाडी धडधडत जायची, डब्यांच्या फटींतून दोघे पुन्हा दिसायचे. गेट उघडलं, रस्ता मोकळा झाला, की दोघे तोंड फिरवून आत. रस्ता बंद असला तरच बघायचं, असा त्यांचा न बोलता ठरलेला रिवाज होता.

आणि एक दिवस बातमी आली की गेट कायमचं बंद होणार, थोडं पुढे रुळांखालून भुयारी रस्ता होणार.

वस्ती खूश झाली. मालक सोडून. त्यांनी न्यायदान थांबवून आंदोलन हाती घेतलं. भुयारात पाणी तुंबेल, साप येतील, वरात वाकून न्यावी लागेल, अशी कारणं ते चौकाचौकात सांगत फिरले. खरं कारण काय ते मला ठाऊक होतं, चाचींना ठाऊक होतं, आणि पलीकडे एका माणसाला ठाऊक असणार. गेट गेलं की मधे भिंत येणार. भिंतीपलीकडचा माणूस दिसत नाही, आणि उठून त्याच्या दारात जायला कायदा आडवा येत होता.

रेल्वेचे एक साहेब पाहणीला आले तेव्हा मालकांनी त्यांना ओट्यासमोर गाठलं. "साहेब, ह्ये गेट ऐतिहासिक हाय."

"ते कसं काय?"

"हितं गोऱ्या सायबाची घोडी बसलीया."

साहेब माणूस चांगला होता. "बसली असेल हो," तो म्हणाला, "पण अजून उठली नाही का?" मग त्याने गाद्यांच्या चवडीला टेकून शांतपणे सगळं समजावून सांगितलं. गेटाखालून वाकून जाताना माणसं मरतात, दवाखान्याची गाडी अडकते, बाळंतिणी अडकतात. त्याचं सगळं खरं होतं, तीच पंचाईत होती. मालकांनी स्वतः एका अडलेल्या बाईसाठी गेटाशी गाद्यांचा आडोसा केला होता, हे मला चाचींनी सांगितलं होतं. मालक ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मग भितीला एक खिडकी तरी ठेवा." साहेबाला वाटलं ते गंमत करतायत. तो हसला आणि त्याने मालकांच्या पाठीवर थाप मारली.

शेवटच्या दिवशी गावाने गेटाचा सत्कार केला. खोटं वाटेल, पण केला. आमच्याकडे शाल-श्रीफळ दिल्याशिवाय कोणाला जाऊ देत नाहीत, मग ते मुख्याध्यापक असोत नाहीतर लोखंडी दांडी. 'गेटास भावपूर्ण निरोप' असा फलक लागला. त्यावर गेटाचा फोटो लहान आणि एका भावी नगरसेवकाचा मोठा. गेटमन बिचारा पुन्हा पुन्हा सांगत होता, "रुळावर नारळ फोडू नगा, रुळावर नगा." शेवटी नारळ एका दगडावर फोडला. गाडी येणार म्हणून गेट पडलं. आडव्या दांडीला हार घातला, शाल पांघरली, गाठ मारली. भावी नगरसेवकांनी दांडीवर हात ठेवून भाषण सुरू केलं. गेटाने आपल्याला संयम शिकवला, वगैरे. गाडी निघून गेली तरी भाषण संपेना. गेटमनने आपलं काम केलं. दांडी उठली. हार वर गेला, शाल वर गेली आणि शालीच्या गाठीत अडकलेलं भावी नगरसेवकांचं उपरणंही वर गेलं. ते चवड्यांवर उभे राहून उड्या मारायला लागले आणि बँडवाल्यांना वाटलं नाचायची खूण झाली, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंचा गाव पोट धरून हसत होता.

मी खिडकीतून मालकांकडे बघितलं. ते हसत नव्हते. पलीकडे उशीवाले, जे एरवी कावळा शिंकला तरी हसतात, तेही हसत नव्हते. गेट उघडलं होतं. रोजच्या रिवाजाने दोघांनी तोंड फिरवायला हवं होतं. त्या दिवशी दोघांपैकी कोणी फिरवलं नाही. मधे दांडी नव्हती, गाडी नव्हती, नुसते रूळ होते. मला वरून ओरडावंसं वाटलं, अहो, जा की आता! पण मागच्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न मारला, गर्दी हलली आणि दोघे दिसेनासे झाले.

नंतर भिंत आली. मालकांनी गाद्यांवर बसणं सोडलं नाही, पण पाठ रुळांकडे करून बसू लागले. खटले बंद. लोक भुयारातून सुसाट जायचे, भांडायला कोणी थांबतच नव्हतं. मी विचारलं, "मालक, तिकडे तोंड करून का बसत नाही?" तर म्हणाले, "बगायचं काय? सिमीट?" भुयारात ते पाऊल टाकायला तयार नव्हते. "मी काय उंदीर हाय व्हय?" लोकांचे संसार मार्गी लावणारा हा माणूस स्वतःच्या भावापर्यंत जाऊ शकत नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! मला त्यांचा फार राग यायचा. सगळ्यात जास्त राग यायचा तो जेवताना, कारण खाली चाची त्यांना जेवायला हाक मारायच्या आणि मालक "भूक न्हाई" म्हणायचे.

एका रविवारी सकाळी त्यांचा कामगार आला नाही. पलीकडच्या क्वार्टर्समध्ये लग्न होतं आणि मुलीला द्यायच्या गाद्या पोहोचवायलाच हव्या होत्या. मालकांनी हातगाडा भरला. मला पलीकडे शाळेत निवडणुकीच्या कामाला जायचं होतं, म्हणून मी मागून चालू लागले. आदल्या दिवशी पाऊस झालेला. भुयारात अर्ध्या रस्त्यावर गुडघाभर पाणी, एका कडेने तेवढी कोरडी वाट. पाण्याच्या बाबतीत मालकांचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि ते त्यांनी प्रत्येक पावलाला बोलून दाखवलं. आमच्या मागे मोटरसायकली, एक शेळी ओढणारी बाई, खाटा नेणारा टेम्पो.

मधोमध समोरून दुसरा हातगाडा आला. उशांनी भरलेला. लग्न गावातल्या गावात असलं तरी घरं दोन असतात. गाद्या मुलीच्या घरी चालल्या होत्या आणि उशा मुलाच्या घरी, अलीकडे. उशांच्या ढिगामागून लाल दाढी दिसली.

दोन्ही गाडे एकमेकांना टेकले. कोणी सरकेना. मागच्यांनी हॉर्न वाजवले. मग गर्दीला कळलं कोण आहेत, आणि हॉर्न थांबले. शेळी तेवढी ओरडत होती. मागून एक टारगट आवाज आला, "मालक, निकाल द्या की!" मालक पुटपुटले, "हितं गेट न्हाई." पण त्या टारगटाला पुढचा प्रश्न पाठ होता. सगळ्या गावालाच पाठ होता. "तुमच्यात थोरलं कोण?" त्याने विचारलं.

मालकांनी गाडा इतका घट्ट धरला होता की हाताच्या शिरा दिसत होत्या. उशीवाल्यांनी कपाळावरचा घाम पुसला. या लोकांची घरातली बोली निराळी, दखनी वळणाची. बाहेर ते आमच्यासारखंच बोलतात. उशीवाले त्या घरातल्या बोलीत बोलले, सगळ्या गावासमोर.

"सरक ना रे छोटे. हात भर आये मेरे."

पांढऱ्या दाढीचे मालक, ज्यांनी धनगरांना, सासवांना आणि प्लॉटवाल्यांना निकाल दिले, त्यांना छोटे म्हणणारा एकच माणूस उरला होता. मालकांनी गाड्यावरची पकड बदलली. ते गाडा मागे रेटू लागले. म्हणजे मी मागे, शेळी मागे, मोटरसायकली मागे, टेम्पोवाला रिव्हर्समध्ये. सगळी वरात उलटी चालत भुयाराबाहेर आली. उशांचा गाडा शेजारून पुढे निघून गेला. गाड्यावरची एक उशी घसरली, ती मालकांनी उचलून परत वर ठेवली, तेवढंच.

दुपारी मी भेंडी चिरत बसले होते. मालक जिना चढून वर आले. इतक्या वर्षांत ते कधी वर आले नव्हते. दारातच उभे राहिले.

"बाई, एक इचारू? त्यो बोलला."

"ऐकलं की मी. सगळ्या गावाने ऐकलं."

"मग आता माझी पाळी." त्यांनी दाढी खाजवली. "काय बोलायचं आसतं?"

हा प्रश्न त्यांनी विचारावा याचं मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून हसू गिळलं. भेंडीवरून नजर न काढता, जे कोणीही सांगेल तेच मी सांगितलं. "काय बोलायचं असतं मालक? जा आणि जेवलात का विचारा."

त्यांचा चेहरा पडला. "त्यावरनंच तर झालंय सगळं," ते म्हणाले.

मला जीभ चावावीशी वाटली. पण मालक तिथेच उभे होते. त्यांनी ते वाक्य पुटपुटून बघितलं, आधी मराठीत, मग घरातल्या बोलीत. "खाना हुआ क्या?" पहिल्यांदा फार मोठ्याने झालं. पुन्हा म्हणाले, हळू. मग "भाई" लावून म्हणाले. तसेच म्हणत म्हणत जिना उतरले, टोपी नीट केली आणि भुयाराच्या रस्त्याला लागले. मी खिडकीतून ते वळेपर्यंत बघितलं. पुढचं दिसायला भिंत होती.

खाली चाची फोनवर होत्या. जावेशी बोलत होत्या, आणि घाईने, तोंडावर पदर धरल्यासारख्या दबक्या आवाजात.

"ये निकले हैं. ये आये बगैर वाढो नक्को."